प्रोटॉनसाठी रानातलं पाखरू

कोंबड्याच्या पिसांत कुसळं खोचायला साधारण पाव तास लागतो. कुसळं वाळलेली हवीत, ओली असली की गळून पडतात. मानेजवळ दोन, पंखाखाली तीन आणि शेपटीच्या बुडाशी एखादं गोखरू, बस. त्याहून जास्त लावलं तर कोंबडा रानातून आल्यासारखा न दिसता नाटकात काम करून आल्यासारखा दिसतो. हे ज्ञान मला कुणी दिलं नाही, मी स्वतः शोधून काढलं. अकोल्यात पस्तीस वर्षं चिकनचं दुकान चालवून जगाला मी काही नवीन दिलं असेल तर ते एवढंच.

आता दुकान पुतण्या पाहतो. माझे गुडघे गेले. उभं राहून करायचा धंदा, गुडघे गेले की माणूस आपोआप विचारवंत होतो. अंकाच्या संपादकांनी सांगितलं, सत्तारभाई, तुमचे अनुभव लिहा, फक्त सणाचा अंक आहे तर रक्तबिक्त जरा कमी ठेवा. मी म्हटलं, रक्त कमीच आहे, लाज जास्त आहे, चालेल का? ते म्हणाले, चालेल. तर मग घ्या. मराठी माझी तेल्हाऱ्याच्या शाळेतली आहे, गुरुजींच्या छडीखाली शिकलेली. घरात आम्ही हिंदी-उर्दूची खिचडी बोलतो आणि दुकानात वऱ्हाडी. त्यामुळे तिन्ही भाषांत खोटं बोलायचा मला सराव आहे.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमच्याकडं कोंबडीचे तीन प्रकार. पहिली बॉयलर. पांढरी, गुबगुबीत, शेडमध्ये जन्मली, शेडमध्येच बसून खाल्लं आणि सहा आठवड्यांत माझ्याकडं आली. तिला चालायचं काम पडत नाही, म्हणून मांस मऊ. दुसरी गावरान. ही उकिरड्यावर फिरते, किडे खाते, मांजरापासून पळते, झाडावर झोपते. तिची नखं उकरून उकरून झिजलेली असतात आणि हाडं अशी की कुकर थकतो. तिसरा माझा लाडका, कॉकरेल. अंडी देणाऱ्या जातीचे नर. अंडी देत नाहीत म्हणून हॅचरीवाल्याला नकोसे असतात. अंगानं सडपातळ, रंगानं तांबूस, आणि दिसायला, ज्याला कळत नाही त्याच्यासाठी, हुबेहूब गावरान.

आणि कळत कुणालाच नाही. एक बँकेतले साहेब होते. गावरानच पाहिजे म्हणून हटून बसायचे. मी बिचाऱ्यानं खरी गावरान दिली. दुसऱ्या दिवशी साहेब पातेलं घेऊनच दुकानात. म्हणाले, सात शिट्ट्या झाल्या, तुमची कोंबडी अजून जिवंत आहे. त्यानंतर मी त्यांना गावरान म्हणून कॉकरेल देत गेलो. साहेब खूश, त्यांची बायको खूश, कुकर खूश. नाखूश फक्त माझे फरिश्ते असतील, खांद्यावर बसून लिहिणारे. त्यांची शाई माझ्यावरच संपली असणार.

ही गोष्ट कापसानं सगळ्या वऱ्हाडाचं तोंड कडू केलं होतं त्या वर्षांतली आहे. गावात आधी कोंबडी कापायची ती जावई आला तर, नाहीतर पोर आजारातून उठलं तर. त्या वर्षांत ती घरात कापणं बंद झालं. बाया पहाटेच्या एसटीत पिशवीत कोंबड्या घालून शहरात येऊ लागल्या. माझ्याकडं दर सोमवारी तेल्हाऱ्याकडच्या एका गावातून सुमनबाई यायची. पन्नाशीची, काटक, नवरा नाही, काळ्या जमिनीचा एक तुकडा आणि विलास नावाचा एक मुलगा. कोंबड्या तिच्या हातच्या. मी एकेक उचलून छातीचं हाड चाचपायचो, डोळे पाहायचो, पाय पाहायचो. ती म्हणायची, "भाऊ, कोंबडी पायता की पोरगी पायता?" माझ्या दुकानात जे थोडंफार खरं गावरान यायचं, ते तिचंच.

आता वानखडे सर. फिजिक्सच्या क्लासचे. क्लास मोठा, नाव मोठं, घरी मात्र सर एकटे. बायको वारली होती, मुलगी परदेशात. सोबतीला एक अल्सेशियन कुत्रा, त्याचं नाव प्रोटॉन. एके दिवशी सर हातात कागदांची चळत घेऊन आले. सायबर कॅफेतून काढून आणली होती.

"सत्तारभाई, कुत्रा म्हणजे मुळात कोण?"

"कुत्राच, सर."

"लांडगा. लांडगा कुकर लावतो का?"

"नाही लावत."

"मग आपण कुत्र्याला शिजवून काहून घालतो?"

 फिजिक्सच्या माणसाशी वाद घालायचा नसतो. सरांनी मग कागद वाचून दाखवले. कुत्र्याला कच्चं द्यायचं. हाडासकट, कारण कच्चं हाड चावलं जातं, शिजलेल्याच्या कपच्या होतात. पिसांसकट, पोटासकट. इथं मात्र माझ्या जिवाला लागलं, कारण माझ्या धंद्याची सगळी अब्रू साफ करण्यात आहे. पोटा, आतडी, दाण्याची पिशवी झटक्यात काढून गिऱ्हाइकाच्या हातात आरशासारखा माल द्यायचा, यात माझं नाव होतं. आणि हे म्हणत होते, साफच करू नका.

"आणि फार्मचं नको," सर म्हणाले. "त्याच्यात काय काय इंजेक्शनं असतात. रानातलं पाखरू पाहिजे. शुद्ध."

"सर, रानातलं बंद आहे. तितर, लावा, रानकोंबडी, पकडलं तरी गुन्हा, विकलं तरी गुन्हा. फॉरेस्टवाले आत टाकतात."

सर हसले. "तुम्ही काही बोलले नाही, मी काही ऐकलं नाही."

खरं सांगायचं तर त्याच वेळी मी त्यांना बसवून समजवायला पाहिजे होतं. कुत्र्याला कच्चंच घालायचं असेल तर ओळखीच्या शेडमधलं, ज्याचं वय माहीत आहे, ज्यानं काय खाल्लं हे माहीत आहे, असं ताजं पाखरू सगळ्यात बरं. रानातलं पाखरू काय खाऊन आलं हे फक्त त्यालाच ठाऊक. हे मला तेव्हाही कळत होतं. पण सरांनी एवढे कागद वाचले होते आणि मी दहावी पास. शिवाय त्यांच्या नजरेत मी जंगलाशी संबंध असलेला माणूस झालो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला मी एवढा रोमांचक वाटलो. मी आवाज खाली घेतला आणि म्हणालो, "धारणीच्या जंगलाकडं एक ओळख आहे. जीपनं येतं कधीमधी. रानकोंबडा. पाहतो."

धारणीला माझी ओळख म्हणजे तिथल्या बाजारात मी एकदा उलटी केली होती. घाटात जीप लागली होती मला. एवढाच संबंध.

आता रानकोंबडा आणायचा कुठून? अमरावतीकडच्या हॅचरीतून माझे कॉकरेल यायचे, त्यातला एक किडकिडा उचलला. पण फारच स्वच्छ दिसत होता. म्हणून मागच्या अंगणात बसून पहिल्यांदा कुसळं खोचली. जुबेदा, माझी बायको, कपडे वाळत घालायला आली आणि तिथंच थबकली.

"ये क्या कर रए?"

"गिऱ्हाइकाचं समाधान."

"मुर्गे का सिंगार कर रए. ऊपर से अल्ला देख रहा है, और बाजू से पड़ोसन देख रही है."

मी म्हटलं, पडोसनला नमुना पाठवून देऊ. पण त्या दिवसापासून कुसळं मी दुकानातच, शटर अर्धं खाली ओढून लावू लागलो.

आणि प्रोटॉनला ते मानवलं. काय कुत्रा झाला तो. अंगावर तकाकी, दात पांढरे, सरांना ओढत नेहरू पार्कापर्यंत पळायचा. सर सगळ्यांना सांगत सुटले, हे सगळं रानातल्या अन्नामुळं. फार्मच्या कोंबडीवर हे तेज येत नाही. फार्मचीच कोंबडी होती ती. माझ्याकडं आणखी तिघं-चौघं आले. एका बाईंच्या पॉमेरियनला कुसळांसकट कोंबडा दाखवला तर ते दिवाणाखाली जाऊन बसलं आणि दोन दिवस निघालं नाही. बाई म्हणाल्या, घाबरलं नाही हो, त्याच्यातला लांडगा जागा होऊन राहिला.

जूनमध्ये सरांच्या क्लासचा निकाल लागला की गुणवंतांचा सत्कार असतो. त्या वर्षी मलाही निमंत्रण आलं. मला वाटलं चिकन पुरवायचं असेल. जाऊन पाहतो तर स्टेजवर माझी खुर्ची. समोर हॉलभर पोरं आणि त्यांचे आईबाप. सरांनी माइक घेतला आणि म्हणाले, "आपण सगळे निसर्गापासून दूर चाललो आहोत, पण आपल्या शहरात असा एक साधा माणूस आहे जो आपल्याला परत निसर्गाकडे नेतो." मी मागं वळून पाहिलं, तो साधा माणूस कोण म्हणून. मग शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हणालो, "खाणं ताजं असावं." टाळ्या. एका पोरीनं हात वर केला, "काका, रानकोंबडा ओळखायचा कसा?" आता काय सांगू तिला?

"अंगाला कुसळं असतात, बेटा," मी म्हणालो. पोरीनं ते वहीत लिहून घेतलं.

घरी आलो. जुबेदानं शाल हातात घेतली, उलटून पाहिली, छान घडी केली आणि कपाटात ठेवताना एकच विचारलं, "ये किस बात की मिली?" मी पाणी प्यायला निघून गेलो. पण ते प्रश्नचिन्ह दोन दिवस माझ्या पाठीमागं फिरत राहिलं. शिव्या खाऊन मी कधी सुधारलो नाही, पण शाल मला सोसली नाही. मी ठरवलं, निदान एकदा तरी या माणसाला खरं रानातलं पाखरू द्यायचं. एकदा दिलं की सगळं फिटलं. हा माझा हिशेब, दहावी पास माणसाचा.

सुमनबाईला विचारून ठेवलं, रानातलं काही मिळेल का म्हणून. पुढच्या सोमवारी ती आली. कोंबड्या काढून झाल्यावर तिनं दुसरी पिशवी हळूच उघडली.

"भाऊ, हे पाहा बरं. तुमी इचारत होते ना मागं, रानातलं काही हाय का म्हणून."

आत तीन तितरं.

"कुठं सापडले?"

"आमच्या वावराच्या धुऱ्यावर बसेल होते. काल सांजच्यानं. हातानंच उचलले."

"उडाले नाहीत?"

"उडतीन कायचे. बसूनच राह्यले. पाच होते. दोन घरी डालाखाली ठेवले, विलासले लय आवडते. आज सांजच्याले रांधीन."

मी एक तितर हातात घेतलं. शांत बसलं. डोळे अर्धे मिटलेले, मान सैल, पंखात काही झटापट नाही. आता माझ्या दुकानात अशी कोंबडी कुणी आणली असती तर मी दारातूनच परत पाठवली असती. डोळा मिटतो, मान पडते, म्हणजे माल आजारी, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला कळतं. पण मला वाटलं, पाहा, रानातलं पाखरू, पण सत्तारच्या हातात येताच कसं गप झालं. इतक्या वर्षांचा हात आहे, पाखरं ओळखतात. मी हे जुबेदाला सांगितलंसुद्धा, ती डबा द्यायला आली होती तेव्हा. ती म्हणाली, "बीमार होगा." मी म्हटलं, तुला पाखरातलं काय कळतं.

सर नऊ वाजता आले. तितर पाहून त्यांचा चेहरा पडला.

"सत्तारभाई, हा रानकोंबडा लहान आहे. आणि याला कुसळं नाहीत. खरं रानातलंच आहे ना?"

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. त्या माणसासमोर मी घेतलेली ती पहिली खरी शपथ. सर थोडे संशयानंच घेऊन गेले.

अकराच्या सुमारास फोन आला. सरांचा आवाज ओळखू येईना. प्रोटॉन उभा राहत नाही, डॉक्टरांकडं आणलंय, तुम्ही लगेच या. मी गल्ला तसाच सोडून स्कूटर काढली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, नुकताच स्वतःचा दवाखाना टाकलेला. टेबलावर प्रोटॉन आडवा. तोंडातून लाळेची धार, अंगाचा एकेक स्नायू थडथड उडतो आहे, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सर गुडघ्यावर बसून त्याचं डोकं धरून होते, शर्टाची बाही लाळेनं भिजलेली. ज्या माणसाच्या आवाजानं हॉलभर पोरं चूप बसायची, तो माणूस म्हणत होता, "याला काही झालं तर घरी गेल्यावर मी कुणाशी बोलू?"

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं यानं?"

"नेहमीचंच," सर म्हणाले. "रानकोंबडा. कच्चा. वर्षभर खातोय."

"कुठला रानकोंबडा?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या जंताच्या तक्त्याकडं पाहिलं.

"हे पाहा," बाई म्हणाल्या, "मांस खराब असेल तर एक उपचार आहे, विष असेल तर वेगळा. मला आत्ता कळलं पाहिजे. अंदाजानं गेले तर हा हातचा जाईल."

आता माझी गंमत बघा. तितर म्हटलं तर गुन्हा कबूल. आज पहिल्यांदाच तितर दिलं म्हटलं तर मग वर्षभर काय दिलं, ते कबूल. कपाटातली शाल डोळ्यांपुढं आली. किती वेळ गप्प होतो मला माहीत नाही. फार नसेन, पण त्या कुत्र्याचे पाय झटके देत होते आणि मी उभा राहून माझी इज्जत वाचवत होतो. हे आज लिहितानाही लाज वाटते.

"तितर होतं," मी म्हणालो. "आज पहिल्यांदाच. आधीचे सगळे कोंबडे हॅचरीचे होते, सर."

"हॅचरीचे? आणि कुसळं?"

"मी खोचत होतो."

सरांनी तोंड फिरवलं आणि प्रोटॉनचं डोकं आणखी घट्ट धरलं. बाईंना आमच्या कुसळांत काही रस नव्हता. "तितर कुठून आणलं?"

"तेल्हाऱ्याकडून. शेताच्या बांधावर बसलं होतं. हातानं उचललं म्हणाल्या."

"पेरणी चालू आहे तिकडं?"

"चालू आहे."

"हातानं उचलता आलं ते तितर तुम्ही विकत घेतलं? तुम्ही पाखरांचाच धंदा करता ना?" हे म्हणेपर्यंत त्यांनी सुई टोचलीसुद्धा. मग चिठ्ठीवर एक नाव लिहून माझ्या हातात दिलं. "अ‍ॅट्रोपिन. माझ्याकडं आहे ते पुरणार नाही. समोरच्या मेडिकलातून जितकं असेल तितकं आणा. आणि उरलेलं पाखरू असेल तर त्याच्या पोटात काय आहे ते बघून सांगा."

मेडिकल माणसांचंच होतं. एका दुकानात थोडं मिळालं, उरलेलं शोधत मी आणखी दोन दुकानं फिरलो, देऊन आलो, मग दर थोड्या वेळानं सुई, पुन्हा वाट, पुन्हा सुई.  दीड वाजता प्रोटॉनचं थरथरणं थोडं कमी झालं, तेव्हा कुठं मी दुकानात गेलो. पिंजऱ्यातली दोन्ही तितरं मरून पडली होती. एकाची दाण्याची पिशवी चिरली. आत ज्वारी. गुलाबी ज्वारी. वाणी, हुमणी अशी कीड लागू नये म्हणून बियाला औषध चोळतात, ते रंगीत असतं. मातीवर उघडे पडलेले दाणे पाखरं टिपतात. इतकी वर्षं ही पिशवी मी सगळ्यात आधी काढून फेकत आलो होतो. नेमकी तीच पिशवी शुद्ध अन्न म्हणून कुत्र्याच्या पोटात गेली.

प्रोटॉन वाचला, आणि पुढं बरीच वर्षं जगला, हे आत्ताच सांगून टाकतो. म्हणजे कुत्रेप्रेमी वाचकांचा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं त्यांना नीट वाचता येईल. सर महिनाभर दुकानावर फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "आधी देत होते तेच द्या. साफ करून. कुसळं नकोत."

तर मी दुकानात हातात ती चिरलेली पिशवी घेऊन उभा होतो, तेव्हा मला सुमनबाईच्या डालाखालची दोन तितरं आठवली. तेव्हा. दुपारी दीड वाजून गेल्यावर. विषाचा शब्द मी अकरा-सव्वाअकराला ऐकला होता. मधल्या वेळात मी मेडिकलची तीन दुकानं पालथी घातली, सरांना पाणी आणून दिलं, प्रोटॉनच्या अंगावरून हात फिरवला, आणि संध्याकाळी एका घरात हेच पाखरू माणसं खाणार आहेत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी वाईट माणूस आहे असं मला आधी वाटत नव्हतं. लबाड आहे, एवढंच वाटायचं.

तिच्या गावात किराणा दुकानात एक फोन होता. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पेरणीच्या दिवसांत गावात असतं कोण? सुमनबाई सकाळच्याच गाडीनं परत गेलेली. एसटीची वाट पाहायचा धीर नव्हता, स्कूटर काढली. माझी स्कूटर शहरात मटणवाल्याच्या गल्लीपर्यंत जाण्यासाठी होती, तेल्हाऱ्यासाठी नव्हती. दोनदा बंद पडली. एकदा मी तिला किक मारता मारता अल्लाशी सौदा करायला लागलो, की हे एवढं निभावून ने, पुन्हा कॉकरेल गावरान म्हणून विकणार नाही. हे वचन मी पुढं साधारण चार महिने पाळलं.

गावात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. सुमनबाईच्या घरातून चुलीचा धूर निघत होता. तो धूर पाहून मी स्कूटर तशीच आडवी टाकली. अंगणात बाजेवर विलास बसला होता. सुमनबाई बाहेर आली.

"भाऊ? तुमी काहून आले?"

"तितरं कुठं आहेत?"

"मेले दुपारीच. मी आली तं डालाखाली मरेल दिसले. मेलेलं कोण खाते, बाप्पा? गाडून टाकले खोल. नाई तं कोंबड्या उकरतीन."

मी तिथंच ओट्यावर बसलो. चुलीवर भाजी होती, वांग्याची. मला हसू येत होतं आणि रडूही. मी तिला सगळं सांगितलं. कुसळं, शाल, तितर, गुलाबी ज्वारी, सगळं. वाटलं, पाखरू तिनंच दिलेलं होतं म्हणून ती घाबरेल, नाहीतर माझ्या कुसळांवर हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "कुत्र्याच्या तोंडातून लाळ गयत होती?"

"हो."

"आंग उडत होतं? डोयाची बाहुली बारीक झालती?"

"तुम्हाला कसं माहीत?"

तिनं विलासकडं पाहिलं. तो चहा पीत होता. पंचविशीतला पोरगा, कप दोन्ही हातांनी धरून. तरी कप हलत होता.

"याले बी असंच झालं मागच्या फवारणीत. दुसऱ्याच्या वावरात फवारा माराले गेलता, रोजानं. घरी आला अन् पडला. दवाखान्यात नेलं. डाक्टर इचारे, फवारा मारला का, औषध पोटात गेलं का. आमी म्हटलं, नाई, ऊन लागलं."

"काहून पण?"

"याची सोयरीक जुयत होती, भाऊ. औषध म्हटलं की पोलीस येतात. लोक म्हणतीन, पोट्ट्यानं औषध घेतलं. मंग कोण देते पोरगी?" तिनं चुलीकडं पाहिलं. "डाक्टर दोन-तीनदा इचारत होता. आमी सारे नाईच म्हणत गेलो. दुसऱ्या दिवशी याच्या मामानं सांगतलं, तवा कुठं सुई देल्ली. वाचला. पण हात राह्यला असा. अन् सोयरीक बी मोडली."

 विलासनं कप खाली ठेवला.

"तुमच्या कुत्र्याचं कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

"मी."

"लगेच सांगतलं?"

"नाही. जरा वेळ लागला."

"लाज वाटली असन."

"हो."

"आमाले बी," ती म्हणाली.

फवारणीचे दिवस दोन महिन्यांवर आले होते. मी विचारलं, विलास यंदा जाणार का? ती म्हणाली, जाईल ना, दुसरं काम कोणतं हाय. मग आत गेली आणि विलासच्या शाळेच्या वेळची एक जुनी वही आणि पेन घेऊन आली. म्हणाली, त्या सुईचं नाव लिहून द्या. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, अ‍ॅट्रोपिन. त्याच्याखाली लिहिलं, औषध अंगात गेलं आहे हे डॉक्टरला आधी सांगायचं, लपवायचं नाही.  मी स्वतःला म्हटलं, वा सत्तार, तूच सांग हे लोकांना.

विलासनं ते तिला वाचून दाखवलं. तिनं पान फाडलं, चार घड्या केल्या, पदराच्या गाठीत बांधलं. मग तिला काहीतरी आठवलं. गाठ सोडून तिनं तो कागद पुन्हा माझ्यापुढं धरला.

"भाऊ, हे कुत्र्याचं इंजिक्शन माणसाले चालते ना?"

"माणसाचंच आहे, बाई," मी म्हणालो. "ते आपण कुत्र्याला दिलं."